चाकामागे चाक, यात कमीपणा कसला?

लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांत एक मत हल्ली जवळजवळ शास्त्रासारखं सांगितलं जातं. दोनशे, चारशे, सहाशे किलोमीटर शेवटी ज्याचे त्यालाच मारायचे असतात, मग सरावही एकट्यानंच करावा. गटाबरोबर निघणं म्हणजे सहल, इडली-कॉफीचं निमित्त, फार तर रविवारचा व्यायाम. गटात माणूस दुसऱ्याच्या पाठीआड लपायला शिकतो आणि खऱ्या दिवशी उघडा पडतो. पुण्या-नाशकात हे मत सहज कानावर येतं. तंजावूरसारख्या सपाट मुलखात तर ते अधिकच तोऱ्यात मांडता येतं: इथे ना घाट, ना चढ, मग सोबत हवी कशाला?

ऐकायला हे बाणेदार वाटतं. तपासायला घेतलं की त्यातलं बरंचसं चूक निघतं, थोडं खरं निघतं, आणि तंजावूरच्या रस्त्यांवर तर ते सरळसरळ धोक्याचं ठरतं.

आधी वाद कोणत्या राइडबद्दल आहे ते सांगायला हवं. सायकलवाले ज्याला ‘बीआरएम’ किंवा ‘ब्रेव्हे’ म्हणतात, ती शर्यत नसते. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४० तास मिळतात. एका हंगामात ही चारही अंतरं पुरी केली की स्वार ‘सुपर रँडनर’ होतो. थांबे, जेवण, पंक्चर, डुलकी सगळं धरून ताशी पंधरा किलोमीटरच्या आसपास सरासरी पडली की काम झालं. पहिला आणि शेवटचा यांना सारखाच मान. अट एकच, पण कडक: स्वारानं स्वतःचं स्वतः निभवायचं. मागून गाडी आणायची नाही, घरच्यांनी डबा द्यायचा तो ठरलेल्या तपासणी नाक्यावरच. एकट्याच्या सरावाची सगळी बाजू या एका अटीवर उभी आहे.

तिच्या जोडीला इतिहासातला एक दाखला दिला जातो, आणि तो कच्चा नाही. १८९७ साली व्हितो पार्दो आणि त्याचे काही साथीदार रोमहून निघून एका दिवसात, सूर्य मावळायच्या आत नेपल्सला पोचले. अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या वर. त्यातून ‘ऑडॅक्स’ प्रकार जन्मला. टूर द फ्रान्स सुरू करणारे संपादक आंरी देग्रांज यांनी १९०४ मध्ये तो फ्रान्सात आणला आणि त्याच वर्षी ऑडॅक्स क्लब पॅरिसियन स्थापन झाला. पद्धत अशी, की सगळ्यांनी एकत्र जायचं, वेग ‘रोड कॅप्टन’ ठरवणार, त्याला मागे टाकून कुणी पुढे जायचं नाही. १९२१ मध्ये देग्रांज आणि क्लबचं बिनसलं. क्लबनं स्वतःच्या वेगळ्या राइड सुरू केल्या आणि त्यांत प्रत्येकाला आपापल्या वेगानं जायची मोकळीक दिली. आजची बीआरएम या १९२१ च्या फांदीवरची आहे. म्हणजे, आक्षेपक म्हणतात, गटानं जाण्याची पद्धत शंभर वर्षांपूर्वीच मोडीत निघाली.

मोडीत निघाली नाही. कॅप्टनच्या मागून ताशी साडेबावीस किलोमीटरनं जायची जुनी पद्धत फ्रान्समध्ये आजही चालू आहे, आणि पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस या बाराशे किलोमीटरच्या राइडची त्या पद्धतीची वेगळी आवृत्ती दर पाच वर्षांनी होते. मुख्य म्हणजे १९२१ मध्ये जी गेली ती सक्ती. सोबत कुणी काढून घेतली नाही. मुक्त वेगाच्या नियमांत दुसऱ्या सहभागी स्वाराच्या चाकामागे राहायला कुठेही मनाई नाही. वाटेत भेटलेल्या स्वारानं ट्यूब बदलायला हात लावला तरी ब्रेव्हेच्या कार्डावर शेरा पडत नाही. ज्या राइडकडे जगभरचे ब्रेव्हेवाले पंढरीसारखे डोळे लावून बसतात, ती पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस १८९१ मध्ये पहिल्यांदा झाली तेव्हा शार्ल तेरों यानं ७१ तास आणि काही मिनिटांत, न झोपता ती जिंकली. एकट्याच्या पराक्रमाची मूळ कथा म्हणून हा तेरों सांगितला जातो. त्याच्यासाठी वेग राखून देणारे सोबती रस्त्यावर हजर होते, एवढा तपशील मात्र सांगताना गळतो.

आणि राइडचा नियम सरावाला लावायचाच कशाला? परीक्षेचा पेपर एकट्यानं लिहायचा असतो म्हणून कुणी शाळा बंद करत नाही.

आता तंजावूर. गाव समुद्रसपाटीपासून साधारण साठ मीटरवर, नागपट्टिणम थेट समुद्रावर, आणि मधलं अंतर ऐंशीएक किलोमीटर. म्हणजे किलोमीटरमागे एक मीटरही उतार नाही. पूर्वेला कुंभकोणम चाळीस किलोमीटर, तिथून गंगैकोंडचोळपुरम आणखी पस्तीसेक. बृहदीश्वराच्या गोपुरापासून निघून दारासुरम, गंगैकोंडचोळपुरम करत परत आलं की युनेस्कोच्या यादीतली तिन्ही चोळ मंदिरं आणि दीडशे किलोमीटर एकाच दिवसात पदरात पडतात. उत्तरेला तिरुवैयारू जेमतेम बारा-तेरा किलोमीटर, पण तेवढ्यात वडवार, वेण्णार, वेट्टार, कुडमुरुट्टी आणि कावेरी अशा पाच नद्या ओलांडाव्या लागतात. पश्चिमेला कल्लणै, करिकाल चोळाच्या नावाशी जोडलेला तो प्राचीन बंधारा. कालव्याकाठचे रस्ते, दोन्ही बाजूंना भात, अधूनमधून केळीच्या बागा. नकाशावर बघून कुणीही म्हणेल, सरावाला याहून सोपी जागा नाही.

नकाशावर वारा दिसत नाही. जून ते ऑगस्टमध्ये नैर्ऋत्य मोसमी वारे पालघाटच्या खिंडीतून घुसतात आणि पार तिरुचिरापल्लीच्या मैदानापर्यंत जोर करतात. तंजावूरहून तिरुचीकडे निघालेल्या स्वाराला तो वारा छातीवर घ्यावा लागतो. उलट, दुपारी नागपट्टिणमच्या दिशेनं जाणाऱ्याला समुद्रावरून येणारा वारा अडवतो. घाटात निदान वळण येतं, माथा येतो, मग उतार मिळतो. इथे चाळीस किलोमीटर सरळ रस्त्यावर तोच वारा, त्याच कोनातून, एकसारखा. पाय गळण्याआधी डोकं गळतं. या मुलखातला घाट म्हणजे वारा, आणि वारा हीच अशी गोष्ट आहे की ती वाटून घेता येते.

किती वाटून घेता येते, याचे आकडे आहेत. स्टीव्ह मॅकोल आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीत, ताशी ३२ किलोमीटर वेगानं एका स्वाराच्या मागे राहिल्यास प्राणवायूचा खप सुमारे १८ टक्क्यांनी कमी झाला. ताशी ४० ला तो २७ टक्क्यांनी घटला, आणि आठ जणांच्या गटात शेवटी राहणाऱ्याचा तर ३९ टक्क्यांनी. एकांडे स्वार हे आकडे गटाविरुद्ध वापरतात. बघा, ते म्हणतात, मागचा माणूस दोन-तृतीयांश कष्टांत तेच अंतर कापतो आणि वर सराव झाला म्हणून मिरवतो. शिवाय ब्रेव्हे ताशी २०–२२ नं होते, तिथे हा फायदा किरकोळ. मग गटाचा उपयोग तरी काय?

या दोन तक्रारी एकत्र टिकत नाहीत. फायदा किरकोळ असेल तर मागचा फुकट खातोय ही तक्रार पोकळ. फायदा मोठा असेल तर उपयोग काय, हा प्रश्नच उरत नाही. शिवाय शरीराला जमिनीवरच्या वेगाशी देणंघेणं नसतं, समोरून येणाऱ्या हवेशी असतं. ताशी २० नं जाणाऱ्या स्वारावर १५ चा वारा समोरून आला की हवेपुरता तो ताशी ३५ नं चाललेला असतो. कुंभकोणम किंवा तिरुचीच्या रस्त्यावर वाऱ्याच्या दिवसांत मॅकोलचे आकडे ब्रेव्हेच्या वेगालाही लागू पडतात ते यामुळे.

त्याच आकड्यांतून एक गोष्ट निघते, जी एकट्या सरावात कधीच साधत नाही. तगडा स्वार पुढे राहून वारा अंगावर घेतो, नवखा त्याच्या मागे राहून त्याच वेगानं पण कमी ताकदीत जातो. दोघंही आपापल्या क्षमतेच्या जवळ राबतात आणि शंभर किलोमीटरनंतर एकाच चहाच्या टपरीवर उतरतात. बँकेतला पंचावन्न वर्षांचा कारकून आणि इंजिनिअरिंग कॉलेजातला वीस वर्षांचा पोरगा एकत्र सराव करू शकतात ते एवढ्यासाठीच. पाच-सात मिनिटांनी पुढचा बाजूला सरकून मागे जातो, दुसरा पुढे येतो. नवख्याची पाळी छोटी ठेवायची, मिनिटभराची का असेना, पण ठेवायची. पाळी चुकवणारा गटात दोन रविवारांत ओळखू येतो, आणि त्याला सांगायला तमिळ काय, मराठी काय, कुठल्याच भाषेत फार शब्द लागत नाहीत.

वाऱ्याइतकीच इथली रात्र शिकवावी लागते. तीनशेच्या पुढच्या कुठल्याही ब्रेव्हेत रात्र येतेच. हेल्मेट, पुढे-मागे दिवे, परावर्तक जॅकेट ही सक्तीची सामग्री दुकानात मिळते. पहाटे दोन ते पाच या वेळेतली झोप मात्र कुठलाही दिवा उडवत नाही. पापण्या मिटतात, चाक पांढऱ्या रेषेवरून सरकतं, आणि स्वाराला ते कळतच नाही. सोबत कुणी असेल तर त्याला दिसतं. पुढच्या चाकाची लय तुटली, बोलण्याला उत्तर येईना झालं, की मागचा हाक मारतो, बस थांब्यावरच्या बाकावर पंधरा मिनिटं आडवं व्हायला लावतो. कधी थांबायचं हे स्वतःच्या शरीराकडून शिकावं, असं एकांडे सांगतात. झोपेत असलेलं शरीर शिकवणार कधी?

कावेरीच्या या पट्ट्यात त्यात आणखी भर पडते. कापणीच्या दिवसांत, कुरुवै पिकाच्या वेळी आणि नंतर सांबा पिकाच्या वेळी, गावोगावी भात रस्त्यावरच वाळत घातलेलं असतं. अर्धा रस्ता धान्याखाली, कडेला ओळीनं दगड मांडलेले, आणि पेंढ्यावर चाक गेलं की ते घसरतंच. शेतकऱ्याला खळं नाही, त्याचा दोष नाही. रात्री ताशी २२ नं येणाऱ्या एकट्या स्वाराला ते दगड दिसेपर्यंत अंतर संपलेलं असतं. गटात पुढचा हात करून दाखवतो, ‘पळ्ळम’ म्हणून ओरडतो तेव्हा खड्डा असतो, ‘वंडी’ म्हणाला की मागून गाडी येत असते, आणि हा आवाज साखळीसारखा शेवटच्या स्वारापर्यंत पोचतो. खासगी बसचालक एका मिणमिणत्या दिव्याला जुमानत नाहीत. सहा दिव्यांच्या ओळीला थोडं तरी अंतर देतात. थोडंच, पण देतात.

उकाड्याचं वेगळंच. एप्रिल-मेमध्ये पारा ३७-३८ च्या पुढे सहज जातो आणि हवा दमट असते. घाम सुकत नाही, म्हणून अंग गार होत नाही. शरीराला अशा उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस रोज थोडं थोडं उन्हात राबावं लागतं, हे क्रीडावैद्यकाला चांगलं ठाऊक आहे. नवखा स्वार दोन चुका करतो. एक, पाणी कमी पितो. दुसरी चूक उलटी आणि कमी परिचित: तासन्‌तास नुसतं साधं पाणी ढोसत राहतो, घामावाटे मीठ जात राहतं, आणि रक्तातलं सोडियम उतरतं. मळमळ, डोकेदुखी, बोटं सुजणं, मग गोंधळल्यासारखं बोलणं. त्यातलं शेवटचं लक्षण अंगावर आलेल्या माणसाला स्वतःला ओळखू येत नाही, ते शेजारच्यालाच दिसतं. टपरीवर मिठाचं ताक, इडलीबरोबर जरा जास्त सांबार, बाटलीत मिठाची पूड हे उपाय साधे आहेत, पण ‘आता घे’ म्हणणारा कुणी लागतो.

लांबचा प्रवास सोबतीनं आणि थांब्याथांब्यानं करायचा असतो, हे तंजावूरला कुणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नव्हती. भोसल्यांनी इथे १८५५ पर्यंत जवळपास १८० वर्षं राज्य केलं, आणि त्यांच्या काळात रामेश्वरच्या वाटेवर ठरावीक अंतरांनी छत्रं, म्हणजे धर्मशाळा, उभी राहिली. ओरत्तनाडूचं छत्र मुक्तांबाच्या नावानं सरफोजी राजांनी बांधलं. किनाऱ्यालगत सेतुबावाछत्रम नावाचं गावच आजही आहे, आणि जवळच नेपोलियनच्या पराभवाची आठवण म्हणून सरफोजींनीच बांधलेला मनोरा. कंपनी सरकारनं या छत्रांच्या कारभारात हात घालू नये म्हणून सरफोजींनी १८०१ मध्ये रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांना पत्र लिहिलं. काशीहून रामेश्वरला निघालेल्यांना, कुठल्याही जातीच्या वाटसरूला, तिथे काय काय मिळतं याचा तपशील त्यात आहे. अन्न तर मिळेच, आजारी पडलेल्याला वैद्य आणि औषध मिळे, आणि वाटेत आईबाप वारलेल्या पोरांची सोयही लावली जाई. स्वतः सरफोजी १८२० च्या सुमारास काशीयात्रेला निघाले ते तीनेक हजार माणसांच्या तळासह. राजा आहे, तो लवाजमा नेणारच, असं कुणी म्हणेल. पण छत्रं राजासाठी नव्हती. ती पायी चालणाऱ्या सामान्यांसाठी होती, आणि ती बांधणाऱ्यांनी असं गृहीत धरलं होतं की लांब वाटेवर माणूस कधीतरी थकणार, आजारी पडणार आणि त्याला दुसऱ्याचा हात लागणार.

आज तंजावूरहून ओरत्तनाडू, पट्टुक्कोट्टै आणि मग किनाऱ्याच्या रस्त्यानं रामेश्वर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास पडतं. म्हणजे दोनशेच्या ब्रेव्हेपेक्षा जरासं जास्त. पांबनच्या पुलावर आडवा वारा सायकल अक्षरशः बाजूला ढकलतो. ज्यांनी तो पूल एकट्यानं आणि चौघांनी मिळून असा दोन्ही प्रकारे ओलांडला असेल, त्यांना या लेखातला वाऱ्याचा भाग वाचायची गरज नाही.

महाराष्ट्रातल्या एकट्या वीरांची नावं या वादात हमखास काढली जातात, म्हणून ती इथेही घ्यायला हवीत. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्यापर्यंत जाणारी, ४,८०० किलोमीटरच्या घरातली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये पुरी केली. ते दोघांच्या संघात उतरले होते: एक सायकलवर, दुसरा विश्रांतीत, आळीपाळीनं. २०१७ मध्ये लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ आणि पाठोपाठ नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी हीच शर्यत एकट्यानं, बारा दिवसांच्या मुदतीत पार केली. एकट्यानं म्हणजे पॅडल एकट्यानं. मागे गाडी आणि मदतनिसांची तुकडी होती, आणि रात्री स्वाराच्या पाठीला गाडी असणं हा त्या शर्यतीचा नियमच आहे. त्यांच्या पराक्रमात यानं तसूभरही उणं येत नाही. उणं येतं ते त्यांच्या नावानं खपवल्या जाणाऱ्या सिद्धान्तात.

खरा अपवाद पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीचा. २०१८ मध्ये, विशीतली ही मुलगी मदतीची गाडी न घेता सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणेला गेली, सुमारे २९,००० किलोमीटर, आणि डिसेंबरात कोलकात्याला पोचली. वाटेत स्पेनमध्ये चाकूचा धाक दाखवून तिला लुटलं गेलं, कॅनडात अस्वल मागे लागलं. हे धैर्य निर्विवाद. पण वेदांगी एकटी गेली म्हणून पहिल्या दोनशेची तयारी करणाऱ्या नोकरदारानं पहाटे चारला राष्ट्रीय महामार्गावर एकट्यानं उतरावं, असं तिच्या प्रवासातून निघत नाही. ज्यांना ते निघतं असं वाटतं, त्यांनी नाशिकची पंढरपूर सायकलवारी जाऊन बघावी. साडेतीनशेच्या घरातलं अंतर, शेकडो स्वार, त्यांत आयुष्यात कधी शंभर किलोमीटर न मारलेली कितीतरी माणसं, आणि ती पोचतात. त्यांना एकेकट्यानं पंढरपूरला जायला सांगितलं असतं तर बहुतेकांनी सायकल गॅलरीतून खालीच आणली नसती.

एवढं झाल्यावर, आक्षेपकांचं जे खरं आहे ते मान्य करायला हवं, कारण ते खरंच खरं आहे. बहुतेक गट वेळ वाया घालवतात. ब्रेव्हेत घड्याळ थांब्यावरही चालूच असतं. दोनशे किलोमीटरमध्ये आठ थांबे, प्रत्येकी पंचवीस मिनिटं, म्हणजे तीन तास वीस मिनिटं गेली. साडेतेरातली पाव वेळ बुडाली. मोठ्या देवळापुढे फोटो, तिरुवैयारूला पुलावर फोटो, कुंभकोणमला डिग्री कॉफी आणि तिचाही फोटो. ज्या गटात दर थांब्याला सगळ्यात शेवटच्याची बाटली भरेपर्यंत पहिला दुसरी कॉफी मागवतो, तो गट थांबायची सवय लावतो, चालायची नाही. हा दोष गटांचा आहे आणि तो गटांनीच काढायचा आहे. थांबा दहा मिनिटांचा, बाटली भरणं आधी, बसणं नंतर, आणि मोबाइल खिशात.

दुसरा दोष अधिक वाईट. पहिल्या तासात चार तरुण आपसांत शर्यत लावतात, गट फुटतो, आणि आज पहिल्यांदाच आलेली बाई किंवा वयस्क गृहस्थ कुठल्याशा कालव्याकाठी एकटे पडतात, तेही नकाशा नसताना. ते परत येत नाहीत. मग हेच तरुण सांगतात की गटात लोक टिकत नाहीत, खरी सायकल एकट्याचीच. ज्यानं सोबत सोडली त्यानंच सोबतीविरुद्ध निवाडा द्यायचा, हा न्याय कुठला?

आणखी एक मुद्दा अर्धा खरा आहे. पंक्चर नेहमी दुसऱ्यानं काढून दिलं, तर सहाशेच्या रात्री स्वार ट्यूब हातात धरून बसेल. बरोबर. म्हणून गटात पंक्चर ज्याचं त्यानं काढावं, बाकीच्यांनी उजेड धरावा आणि तोंडानं सांगावं. दहा वेळा बघून आणि तीनदा स्वतः केल्यावर कुणालाही टायरचा काठ रिममधून सोडवता येतो. व्हिडिओ पाहून येतो असं सांगणाऱ्यांनी पावसात, टॉर्च दातांत धरून एकदा करून बघावं.

घरातल्या ट्रेनरवर सायकल बसवून, वॉट मोजत केलेल्या सरावाबद्दल फार लिहायची गरज नाही. पाय त्यानं नक्की तयार होतात. बूड, मान, तळहात, पोट आणि झोप यांचा हिशेब त्या यंत्रात नाही, आणि ब्रेव्हे सोडून देणाऱ्यांना बहुधा यांपैकीच कशानं तरी खाली बसवलेलं असतं.

एक उणीव मात्र तंजावूरचा गटही घरबसल्या भरून काढू शकत नाही, ती म्हणजे चढाची. पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिसच्या बाराशे किलोमीटरमध्ये एकही मोठा घाट नाही, पण लहान लहान चढांची बेरीज अकरा हजार मीटरच्या वर जाते, आणि ऑगस्टातही तिथली रात्र बोचरी असते. भातशेतीच्या सपाटीवर वाढलेल्या गुडघ्यांना ते नवं असतं. उपाय तिरुचीच्या पलीकडे आहे. नामक्कल जिल्ह्यातल्या कोल्ली मलै घाटाला सत्तर हेअरपिन वळणं आहेत. तिथवर सायकली न्यायच्या तर टेम्पो लागतो, पायथ्याला राहायची सोय लागते, उतारावर ब्रेक तापले तर थांबवणारा कुणी लागतो. एकट्या माणसाला हा खर्च आणि खटाटोप परवडत नाही, म्हणून तो जातच नाही, आणि मग सपाटीवरच्या ताशी ३० च्या सरासरीवर समाधान मानतो. सहा जणांनी टेम्पोचं भाडं वाटून घेतलं की शनिवार-रविवारचं काम होतं.

एकट्यानं जाण्याचा आनंद कुणी नाकारत नाही. कावेरीच्या बांधावरून सकाळी सहाला, कानात फक्त साखळीचा आवाज, हे सुख ज्याला हवं त्यानं जरूर घ्यावं. सहाशेच्या आधी एक-दोन लांब राइड मुद्दाम एकट्यानं, दिवसाउजेडी कराव्यात हेही ठीक, म्हणजे रस्ता शोधणं आणि स्वतःशी भांडणं दोन्ही जमतं. हा आनंद म्हणजेच तयारीचा एकमेव मार्ग, आणि बाकीचे सगळे पिकनिकवाले, असं नवख्याला सांगितलं जातं, तेवढंच थांबायला हवं. त्या सांगण्यापायी माणसं एकतर घरी बसतात किंवा अंधारात एकटी निघतात, आणि दोन्हींत तोटा त्यांचाच होतो.

इथला पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, ऑक्टोबर ते डिसेंबर. जानेवारी ते मार्च हे राइडचे खरे महिने. तेव्हा ज्यांना येत्या हंगामात चारही अंतरं करायची आहेत, त्यांनी ऑगस्टातच गट बांधावा. सहा ते आठ जण पुरे. पहिल्याच रविवारी कॅप्टन नेमावा, त्यानं वेग सगळ्यात हळू स्वाराच्या मानानं ठेवावा, थांबा दहा मिनिटांवर जाऊ देऊ नये, आणि नवीन आलेल्याला शेवटी न ठेवता रांगेत दुसऱ्या जागेवर घ्यावं.